किल्लीवाले भाऊ आणि त्यांचा फोन

आमच्या प्रौढ साक्षरता वर्गात माझ्या शेजारच्या बाकावर किल्लीवाले भाऊ बसतात. बाजाराच्या कोपऱ्यावर त्यांचे कुलपे दुरुस्त करण्याचे लहान दुकान आहे. दुकानामागच्या खोलीत ते एकटे राहतात. पत्नी निवर्तली आहे. एकुलती एक लेक दूर असते. आईच्या आजारपणात बापलेकीत शब्दाने शब्द वाढला आणि तेव्हापासून तिचा फोन येत नाही. बोलणे जड जात असेल, तर ती दोन ओळी लिहील, असे भाऊंना वाटे. त्या वाचून घ्यायला परक्याकडे जावे लागू नये, म्हणून भाऊ या वयात अक्षरे शिकले.

पत्रलेखन शिकवताना बाईंनी सांगितले होते की, आलेल्या पत्राला उत्तर न देणे हा असभ्यपणा होय. भाऊंनी ते वाक्य गाठीशी बांधले. गादीच्या दुकानाने फोनवर मेसेज करून सवलत कळवली. भाऊंनी लिहिले, 'निरोप मिळाला. माझी गादी चांगली आहे. आपण सर्व कुशल असाल अशी आशा करतो.' दुकानाने पुन्हा कळवले, 'नातलगाचा नंबर द्या, उशी मोफत मिळवा.' भाऊंनी लिहिले, 'मला लेक आहे. परंतु तिला विचारल्याशिवाय तिचा नंबर देता येणार नाही.' चष्मेवाल्यांना त्यांनी डोळ्यांची तक्रार कळवली, विमावाल्यांना वय. उत्तर देणारा माणूस सापडला म्हटल्यावर मेसेजांना ऊत आला.

"भाऊ, तुमच्या फोनला धाप लागली आहे," मी म्हणाले.

"लागू द्या, ताई. या गर्दीत लेकीचा निरोप येऊन गेला असेल. माझ्या नजरेतून सुटला असेल."

मी बाईंना सांगितले. फोन चाळताना त्यांना हसू आवरेना. "अहो भाऊ, सगळ्या गावाला आवतण दिलेत की! तुमचा नंबर, तुमचे वय, ही माहिती तुमची आहे. संमतीशिवाय ती कोणी वापरू नये, असा कायदा आहे. दिलेली संमती परतही घेता येते."

"म्हणजे किल्लीसारखे," भाऊ म्हणाले. "गिऱ्हाइकाला किल्ली करून दिली, की एक जास्तीची आपल्याकडे ठेवायची नाही."

"अगदी तसे. आता वाटलेल्या किल्ल्या परत मागा."

बाईंनी जाहिराती बंद करण्याची नोंद करून दिली. तरीही भाऊंनी गादीवाल्यांना स्वतः लिहिले, 'माझी संमती मी परत घेत आहे. राग नसावा.'

हळूहळू फोन गप्प झाला. मग भाऊंनी साठलेले सारे मेसेज पहिल्यापासून बोट ठेवून वाचले. लेकीचा एकही नव्हता.

"गर्दी होती तेच बरे होते, ताई," ते मला म्हणाले. "निदान हरवला असे म्हणता येत होते."

मी म्हणाले, "गादीवाल्यांना धडाधड उत्तरे लिहिलीत. आता न आलेल्या पत्रालाही एक लिहा."

त्यांनी आधी वहीत लिहिले, खोडले, पुन्हा लिहिले आणि माझ्यासमोर फोनवर उतरवून पाठवले :

'चि. मुलीस अनेक आशीर्वाद. मला आता वाचता येते. तुझा नंबर मी कोणालाही दिलेला नाही. बाबा.'

उत्तर आले का, हे मी विचारत नाही. वर्गात फोन पिशवीत ठेवण्याचा नियम आहे. भाऊंचा फोन बाकावर उताणा असतो, आणि तिथवर आल्या की बाई फळ्याकडे वळतात.