पाटी उलटून बघायची राहिली

पौषातलं धुकं खाडीवर असं बसलं होतं की करंजा बंदराहून आलेला मासळीचा टेम्पो धक्क्यापाशी थांबला तरी दिसला नाही, नुसता हॉर्न ऐकू आला. मासळी सुकवायला यासारखी वाईट हवा नाही. सुनंदाने पदर कंबरेला खोचला, बोंबलाच्या पाट्या उतरवून घेतल्या आणि मैदानातल्या बायांना ओरडली, "ऊन येईतोवर वलांडीवर टांगू नका गो! कुजल."

मैदानभर बांबू रोवलेले, बांबूंना आडव्या दोऱ्या ताणलेल्या. त्याच वलांडी. दोन बोंबील घ्यायचे, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि जोडी दोरीवर टांगायची. सुनंदाच्या सासूने तेच केलं, सासूच्या सासूनेही. पनवेलच्या बाजारात आमच्या गावचा सुका बोंबील वासावरून ओळखतात. गावातली निम्मी घरं त्याच वासावर जेवतात.

ऊन यायच्या आधी डंपर आला. सरळ मैदानात शिरला, हौदा वर केला आणि कडेच्या वलांडीवर, तिथे टांगलेल्या कालच्या बोंबलांसकट, लाल मुरूम ओतून मोकळा झाला. बांबू मोडल्याचा आवाज धुक्यातसुद्धा नीट ऐकू आला.

"ए मुडद्या! डोले फुटले काय तुजे?" सुनंदा धावली.

ड्रायव्हर परप्रांतातला, बिचारा खाली उतरला. "मावशी, मेरेपे क्यों चिल्लाती? कंटेनर यार्ड का काम है. गाव ने जगह दी है."

"कोनच्या गावानं?"

"आपके सरपंच ने हाथ ऊपर किया, ऐसा सेठ बोला."

सगळ्या बाया सुनंदाकडे बघायला लागल्या. कारण सरपंच तीच होती.

आता ही बाई सरपंच कशी झाली ते सांगितलं पाहिजे, आणि ते भगवानशेठशिवाय सांगता येत नाही.

भगवान मूळचा मिठागरातल्या बापाचा पोर. कंटेनरच्या बंदराला जमिनी गेल्या, मोबदला आला, तेव्हा ह्याने भावकीतल्या म्हाताऱ्यांचे अंगठे गोळा करायचं काम धरलं. त्याच जिवावर पहिल्यांदा ग्रामपंचायतीत शिरला. मग सरपंच. मग परत सरपंच. मग पंचायत समिती. प्रत्येक निवडणुकीला गळ्यातल्या उपरण्याचा रंग वेगळा, पण गाडी पांढरी ती पांढरीच, फक्त दर वेळी लांब होत गेली. गावात कुणाची हळद असो, शेठ हजर. नवऱ्याला हळद लावणार, डीजेपुढे दोन पावलं नाचणार, म्हातारीच्या पाया पडणार. मयताला तर घरच्यांच्या आधी खांदा देणार. लोक म्हणायचे, आपला मानूस हाय. आपला माणूस कुणाचा आहे हे विचारायची आमच्याकडे पद्धत नाही.

मग सरपंचपद बाईसाठी राखीव झालं. शेठची बायको पंचायत समितीच्या खुर्चीवर आधीच बसवलेली. राहिली सून. पण सून वकील. वकील सून हात वर करायच्या आधी कागद वाचणार, हे शेठला पक्कं ठाऊक. त्याने गावभर नजर फिरवली आणि ती सुनंदावर थांबली. चौथी शिकलेली, तोंडाने खणखणीत, घरोघर मासळी पोचवणारी, कुणाशी वाकडं नसलेली. अर्ज भरायच्या दिवशी शेठ स्वतः ओसरीवर येऊन बसला.

"बाय, मी तुजा दादूस. तुना काय करायचा नाय. नुसती खुर्चीवर बस. बाकी विश्वजीत बगल."

विश्वजीत हा शेठचा पुतण्या. पांढरा शर्ट, दोन मोबाईल, पंचायतीचा सदस्य.

सुनंदाचा नवरा काशिराम कंटेनरच्या बंदरात ठेकेदाराकडे कामाला. ते काम शेठच्याच शब्दावर लागलेलं. तो कोपऱ्यातून म्हणाला, "दादूस सांगतय तं नाय कशी म्हनशील?"

ती नाही म्हणाली नाही. खोटं कशाला सांगा, तिला बरंही वाटलं. गुलाल उधळला, वरातीत तिला जीपवर उभी केली, आणि करंजाच्या बंदरावर लिलाव पुकारणाऱ्याने दुसऱ्या दिवशी ओरडून सांगितलं, "वाट द्या रं, सरपंचबाय आयल्या!" ती लाजली आणि नेहमीसारखी पाट्यांपुढे उकिडवी बसली. सरपंच झाली म्हणून तिने बोंबील विकायचे सोडले नाहीत. खुर्चीवर बसायला महिन्यातून एकदा जायची. शेजारी विश्वजीत बसायचा. विषय वाचला जायचा, विश्वजीत हलकेच म्हणायचा, "काकी, हात." काकी हात वर करायची. तिच्या मागोमाग बाकीचे हात वर. मग चहा, मग वडा, मग घर.

त्यातलाच एक हात या मैदानावर पडला होता.

डंपर रिकामा होऊन गेला. सुनंदा तशीच, बोंबलाच्या पाण्याने भिजलेल्या लुगड्यानिशी, पंचायतीत घुसली. विश्वजीत मोबाईलवर होता.

"विश्वा! तू मना काय सांगलंस? मैदान सपाट करायचा, दिवं लावायचं, बाकडी ठेवायची. सांगलंस का नाय?"

"सपाटच करतात ना काकी. दिवेपण लागतील. यार्डला दिवे लागतातच."

"आनी वलांडी?"

"काकी, जमाना कुठे चाललाय. वासाने नवीन बिल्डिंगवाले तक्रार करतात. आणि आता मला विचारून काय उपयोग? मीटिंगमध्ये विचारायचं होतं." मग मोबाईल खिशात टाकत तो हसला. "हात तुम्ही वर केलात. मी तुमचा हात धरून वर केला नाय."

त्याच्या थोबाडीत द्यावी असं तिला वाटलं. दिली नाही, कारण हे शेवटचं वाक्य खरं होतं.

मैदानावर परत आली तर बाया मुरमाखालचे बांबू उपसत होत्या. गोदूबाई एका बाजूला मशेरी लावत बसली होती. गोदूबाई गावातली सगळ्यात जुनी मासळीवाली. तिनेच सुनंदाला, नवी नवरी असताना, करंजाला नेऊन लिलावात बसायला शिकवलं होतं. करंजाचा कायदा साधा आहे. मासळीची पाटी पुढे ठेवतात. वर चकाकणारी मासळी, खाली काय असेल ते देव जाणे. म्हणून बोली लावायच्या आधी प्रत्येक बाईला पाटी उलटून बघायचा हक्क. पण एकदा हात वर गेला की पाटी तुझी. मग खाली सडका माल निघो, बर्फ निघो, परत देता येत नाही आणि रडताही येत नाही. रडणारीला दुसऱ्या दिवशी कुणी लिलावात बसू देत नाही. "आदी हात पाटीत, मंग वर," गोदूबाईने तिला पहिल्याच दिवशी सांगितलेलं.

"आत्या, मना फसवलान त्यांनी," सुनंदा म्हणाली.

"हात कोनाचा व्हता?"

"माजाच. पन—"

"पाटी उलटून बगलीस?"

सुनंदा मुरमाखालचा एक बांबू ओढायला लागली.

"मंग तुजी पाटी." गोदूबाईने चूळ भरून मुरमावर टाकली. "रडू नको. लोकांना वास यायच्या आत काय करतंस त्ये बग."

दुसऱ्या दिवशी डंपर आले नाहीत. बायांना वाटलं, सरपंचबाईने दम भरला. तसं काही नव्हतं. जिल्हा परिषदेची निवडणूक लागली होती आणि शेठ उभा होता. मतं पडेपर्यंत मुरूम दिसायला नको, एवढंच. मुरमाच्या ढिगावर हिरवी ताडपत्री टाकली आणि ताडपत्रीवर शेठचा हात जोडलेला फोटो लावला. एवढी लाज सोडायला माणसाला किती निवडणुका लागतात ते शेठला विचारावं.

प्रचाराचा नारळ गावदेवीपुढे फोडायचा ठरला. शेठचा निरोप आला, सरपंचबाईने सगळ्या बायांना घेऊन यावं, औक्षण करावं, दोन शब्द बोलावे. काशिराम म्हणाला, "जा, ओवाल, घरी ये. माजी नोकरी हाय त्याच्या हातात."

"ठावं हाय मना," ती म्हणाली. "तू जेव."

संध्याकाळी देवळापुढे मंडप भरला. शेठ पांढऱ्या कपड्यात, कपाळाला टिळा. सुनंदा आली ती डोक्यावर पाटी घेऊन. पाटीत वर पापलेटं, ताजी, आरशासारखी. शेठने माईक हातात घेतला.

"बगा, बगा! बहीन भावाच्या घरी रिकाम्या हातानं येत नाय! ह्या मासलीवालीला मी सरपंच केली. कोनी केली? भगवाननं केली! ह्याला म्हनतात—"

"शेठ," सुनंदा म्हणाली. आजवर तिने त्याला दादूस सोडून दुसरी हाक मारली नव्हती. पुढच्या बायांनी माना वर केल्या. "पाटी घ्या."

"घेतो की बाय. ठेव तिकडं."

"तशी नाय. बोली लावून घ्या. हात वर करा."

शेठ हसला. मंडप हसला. त्याने गंमत म्हणून हात वर केला.

सुनंदाने पाटी उलटी केली. पापलेटं दोनच होती. खालून लाल मुरूम निघाला, आणि मुरमात त्या दिवशी गाडले गेलेले बोंबील, सडून पाणी झालेले. वास असा उठला की स्टेजवरच्या पाहुण्याने रुमाल काढला. शेठच्या नव्या चपला माखल्या.

"हात वर केलास, आता तुजी पाटी," सुनंदा म्हणाली. तिला माईक लागत नाही, सकाळपासून ओरडून माल विकणारी बाई ती. "मी पन असाच केला. न बगता केला. माजी चूक हाय, मी नाकारत नाय. पन माल भरला कोनी? वरती दिवं, बाकडी, आनी खाली यार्ड, ही पाटी कोनी भरली? बोल ना! हलदीत नाचतंस, मयताला खांदा देतंस, आनी आमच्या चुलीवर मुरूम वततंस?"

"सुनंदे, खाली बस. सरपंच कोनी केली तुला?"

"तूच. तवाच तं न बगता हात वर करायची सवय लागली."

"बाईला कोनी तरी पाजलीय," विश्वजीत माईकमध्ये म्हणाला.

"पाजली नाय रं विश्वा, वास दिला. तुज्या नाकाला कलला नाय, कारन तू ह्यातच राहतंस!"

मागून गोदूबाईचा आवाज आला, "चला गो बायांनो, लिलाव मोडला." आणि बाया उठल्या. नारळ फोडायला भटजी आणि शेठची माणसं उरली. नारळसुद्धा कुजका निघाला असता तर बरं झालं असतं, पण तो चांगला निघाला. देवी असल्या वादात पडत नाही.

आणि शेठ निवडून आला.

इथे वाचणाऱ्याला वाईट वाटेल, तर वाटू दे. आमच्या गावच्या पेटीत त्याला मोजकी मतं पडली, भावकीतल्यांनीही हात आखडले. पण त्याच्या जिल्हा परिषद गटात आता नुसतं आमचं गाव नाही. हायवेला लागून उभ्या राहिलेल्या इमारती आहेत. तिथल्या माणसांना शेठ म्हणजे गणपतीत आरतीला येणारा आणि पाण्याचा टँकर पाठवणारा एक गृहस्थ. त्यांनी बटण दाबलं. पाटी उलटून बघायची सवय त्यांनाही नाही. गुलालाची मिरवणूक मुद्दाम मैदानावरून नेली. काशिरामला ठेकेदाराने त्याच आठवड्यात घरी बसवलं. तो जेवायचा थांबला आणि मग दोन दिवसांनी परत जेवायला लागला.

सुनंदाची मुदत अजून उरली होती. तिने ग्रामसभा बोलावली, अख्ख्या गावादेखत हात वर करून मैदान द्यायला नकार दिला, आणि या वेळी वर गेलेले हात चावडीत मावत नव्हते. ग्रामसेवकाने लिहून घेतलं आणि म्हणाला, "बाई, हे वर पाठवतो. पण पहिली ना हरकत वर पोचलेली आहे. वरून उत्तर येईपर्यंत काम थांबेलच असं नाय."

"मंग मी थांबवतो," सुनंदा म्हणाली.

सकाळी डंपर आले. धुकं नव्हतं, ऊन लख्ख पडलं होतं, आणि वारा खाडीकडून कोरडा येत होता. तोच परप्रांतातला ड्रायव्हर पुढच्या गाडीत. मैदानाच्या तोंडाशी, अगदी चाकांच्या वाटेत, सुनंदा पाटी घेऊन बसली होती. तिच्यामागे गोदूबाई, तिच्यामागे बाकीच्या. कुणी घोषणा देत नव्हतं. प्रत्येकीपुढे एक पाटी होती. शेवटच्या टोकाला काशिरामही उभा होता, हातात दोऱ्यांचं भेंडोळं घेऊन.

विश्वजीत मोटरसायकलवरून आला. "काकी, तमाशा नको. तुमच्याच सहीचं काम आहे हे."

"व्हय. माजीच पाटी हाय. म्हनून तं हितं बसलो. तू जा, तुज्या शर्टाला वास लागंल."

तो फोन कानाला लावून लांब जाऊन उभा राहिला. शेठ फोन उचलत नव्हता. निवडून आल्यापासून तो कुणाचाच उचलत नव्हता.

ड्रायव्हरने इंजिन बंद केलं, खाली उतरला आणि चाकापाशी टेकला.

"मावशी, कब उठेगी?"

"बोंबील संपलं की."

त्याने पाटीत डोकावून बघितलं. मग तिच्या मागच्या पाट्यांकडे. धक्क्यावर करंजाचा दुसरा टेम्पो हॉर्न वाजवत वळत होता.

सुनंदाने पाटी आधी उलटी केली, खालचे बोंबील वर आणले, मऊ पडलेले दोन बाजूला फेकले. एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवला, जोडी झटकली आणि हात मागे केला.

"दोरी दे रं," ती काशिरामला म्हणाली. "ऊन चांगला हाय."