बरणीतला रंग उडालेला मासा

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी, सोलापुरातल्या आमच्या कॉलेजात सराव प्रॅक्टिकल होतं. टेबलावरच्या बरणीत पंजाएवढा चपटा मासा होता. फॉर्मॅलिनमध्ये राहून त्याचा रंग पार उडाला होता. प्रवाळावरचे मासे मी पुस्तकातल्या रंगांवरूनच पाठ केले होते. अंदाजाने ‘एंजल फिश’ लिहिलं. निघाला बटरफ्लाय फिश.

“समुद्र तरी बघितलायस का गं तू?” मैत्रीण हसली.

“तू बघितलायस, तरी तुझंही चुकलंय की!”

उत्तर दिलं खरं, पण मनाला लागलं. घरात कॉलेजपर्यंत पोचलेली मीच पहिली. वार्षिक प्रॅक्टिकलला चांगले गुण पडले तरच तिसऱ्या वर्षी प्राणिशास्त्र मिळणार होतं, आणि मला तेच हवं होतं.

दिवाळीला गावी गेले. मेंढरांची लोकर नुकतीच कातरली होती आणि कुणाचं मेंढरू ते सांगणारी पाठीवरची गेरूची खूण लोकरीबरोबरच गेली होती. संध्याकाळी मी एक मेंढी आमच्या जाळीच्या कुंपणात ढकलली, तसे माझे वडील, आबा, ओरडले, “आगं, ती तुज्या चुलत्याची हाय!”

“समदी सारखीच दिसत्यात की, आबा.”

“पाठीकडं काय बघतीस? तोंड बघ, कान बघ. कालिजात डोळं मिटून बसतीस व्हय?”

सुट्टीभर मेंढरं मीच आत घेतली.

परत आल्यावर प्राणिशास्त्राच्या सरांना कॉलेजच्या संग्रहालयाची खोली उघडून मागितली. दर शनिवारी ते स्वतः कुलूप उघडून द्यायचे. त्यांचे ते उपकार मी विसरलेले नाही. दोन्ही मासे शेजारी ठेवून मी नुसत्या पेन्सिलीने चित्रं काढत बसायचे. दोन्ही चपटे, दोन्हींची तोंडं लहान. बऱ्याच शनिवारांनी भिंगातून फरक सापडला. एंजल फिशच्या गालाच्या मागच्या कडेला, खाली, एक ठळक काटा असतो. बटरफ्लाय फिशला तो नसतो.

वार्षिक परीक्षेत आलेला मासा तर पांढराफटक होता, बटरफ्लाय फिशच्या डोळ्यावर असतो तसा काळा पट्टासुद्धा दिसत नव्हता. मी बरणी खिडकीकडे फिरवली, गाल दोन्ही बाजूंनी नीट पाहिला आणि ‘बटरफ्लाय फिश’ लिहिलं.

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, “नक्की? रंग तर काहीच दिसत नाही.”

“गालाला काटा नाही, सर.”

“एंजल फिशचा काटा मोडलाही असेल.”

“मोडला असता तर बुंधा राहिला असता, सर. इथे कड गुळगुळीत आहे.”

त्यांनी वाकून पाहिलं. “बरं. पुढचा नमुना बघा.”

जूनमध्ये तिसऱ्या वर्षाला प्रवेश घेतला, प्राणिशास्त्राला.