रिळाला सहा कवड्या, बटणाला दोन

केडगावात आमच्या भिंतीला भिंत लावून मधूभाऊ शिंप्याचं दुकान. मी चौथी पास, घर सोडून फारशी कुठं जाणारी नव्हे. पण कान शाबूत! दुकानाच्या ओट्यावरचे किस्से मी गोळा करायला गेलेच नाही. तेच भिंत ओलांडून आले आणि माझ्याकडे ठाण मांडून बसले.

* * *

बहात्तरच्या दुष्काळात नवे कपडे शिवणार कोण? मशीन बंद, म्हणून मधूभाऊंनी एक खेळ काढला. मांजरपाटाच्या तुकड्यावर खडूने किल्ला आखला. प्रत्येकाने एक वीर व्हायचं आणि कवड्या टाकून लढायचं. दोऱ्याचं रिकामं रीळ म्हणजे राक्षस, शर्टाचं बटण म्हणजे बुटका.

पण कुणाची ताकद किती? मार्केट यार्डातल्या हमालांचे मुकादम आबा बसले की अर्धा ओटा भरायचा. त्यांनी निकाल दिला, "जेवढं अंग तेवढी ताकद! रिळाला सहा कवड्या, बटनाला दोन."

रीळ आबांचं, बटण कायम विठ्ठलच्या वाट्याला. विठ्ठल माझ्या खांद्याएवढा. सासऱ्याने त्याला बजावलेलं, बारमाही काम लागेल तेव्हाच पोरगी नांदायला पाठवू. दुष्काळी कामावरची खडी फोडणं सासरा कामात धरत नव्हता. म्हणून विठ्ठल रोज म्हणायचा, "आबा, मला टोळीत घ्या की."

आबा हसायचे, "पोतं तू उचलनार का पोतं तुला?"

* * *

एकदा आबा गरजले, "राक्षस गुहेत शिरला!"

विठ्ठलने काडेपेटीचं टरफल पुढे सरकवलं. "ही गुहा. शिरवा."

रीळ तोंडातच अडकलं. बटण या बाजूने आत, त्या बाजूने बाहेर!

आबा लालबुंद. "मग गुहा फाडा!"

* * *

मग विठ्ठलने नवं काढलं. "राक्षसाला ताकद जास्त, तर भूक पन जास्त पायजे. दर डावाला त्याच्या दोन कवड्या भाकरीत गेल्या पायजेत."

आबांना बोलवायला आलेल्या त्यांच्या बायकोने, सरूबाईने, हे ऐकलं. "खेळातल्या राक्षसाचं ऱ्हाऊ द्या, भावजी! घरातल्याला घालता घालता माझं पीठ संपलं!"

हसू दाबताना मी भिंतीआड ठसकले. तिकडून मधूभाऊ म्हणाले, "काकू, पाणी प्या!"

* * *

शेवटी मधूभाऊंनी तोड काढली: मार मोठ्याचा जोराचा, पण दम लवकर जाणार, बारक्याचा मार हलका, पण दम टिकणार.

मला पटलं. आबांना नाही. "यार्डात दम कोन बगतंय? पोती बगत्यात! तुज्या सासऱ्याला सांग, दुसरा जावई शोध."

हे जरा जास्तच झालं. विठ्ठल चपला घालून निघून गेला. चार दिवस फिरकलाच नाही.

* * *

पाचव्या दिवशी भर दुपारी आबा सायकलीवरून आमच्या दारासमोरच पडले. घोटा हां हां म्हणता सुजला. पाय टेकवेना. दवाखान्यात न्यायला रस्त्यावर ना टांगा ना बैलगाडी. कुडी बघितली तर मधूभाऊ सुतासारखे, आणि मी बाईमाणूस.

तेवढ्यात विठ्ठल आला. हमालासारखी गोणपाटाची खोळ डोक्यावरून पाठीवर सोडली, कमरेत वाकला आणि म्हणाला, "पोतं चढवत्यात तसं चढवा. वर ठेवायला दोघं लागत्यात, न्यायला एकच."

मी आणि मधूभाऊंनी आबांना कसंबसं त्याच्या पाठीवर लोटलं. त्याने आधी पाय रोवले. मग चालायला लागला! बारकी बारकी पावलं, पण एकसारखी. मागून बघावं तर विठ्ठल दिसेचना. नुसते आबाच, खाली दोन काटकुळे पाय. हॉटेलातली माणसं कप हातात धरून बाहेर आली. कुणी हसलं नाही.

मी शेजारून धावत विचारलं, "विठ्ठल, टेकतोस का रे जरा?"

वरून आबाच ओरडले, "त्याला बोलायला लावू नका, काकू! दम मोडंल त्याचा!"

दवाखान्याच्या पायऱ्या चढून विठ्ठलने आबांना बाकावर उतरवलं. डॉक्टरांनी आबांचं धूड पाहिलं, घामाने निथळणाऱ्या विठ्ठलकडे पाहिलं आणि ते दाराबाहेर डोकावले.

"यांना उचलून आणणारे बाकीचे कुठं गेले?"

आबा म्हणाले, "सगळे आत आल्यात, डॉक्टर. आन् उद्या सकाळी यार्डात कामाला पन सगळे येनार हायत."