शंकेचं टिंब

वैमानिकांना परवाने देणाऱ्या सरकारी कचेरीत टिंबरावांनी एकतीस वर्षं काढली. हे नाव आईबापांनी नव्हे, शाखेतल्या जुन्या मंडळींनी ठेवलेलं. उड्डाणाच्या तासांची वही, डॉक्टरी तपासणीचा कागद, जुना परवाना, सगळं ते डोळ्यांत तेल घालून पाहायचे. मनात कुठे पाल चुकचुकली की फाईलच्या पहिल्या पानावर, उजव्या कोपऱ्यात, पेन्सिलीने एक टिंब द्यायचे. वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरांना त्याचा अर्थ ठाऊक होता: या माणसाला पुन्हा तपासा. ना शेरा, ना सही. उद्या कोणी जाब विचारलाच, तर टिंब काय, माशीसुद्धा टाकून जाते.

एका दुपारी खिडकीशी एक बाई आली. तिचा नवरा छोटं मालवाहू विमान एकट्याने चालवायचा आणि त्याचा परवाना नूतनीकरणाला आला होता.

"भाऊ, जेवता जेवता यांच्या हातातला घास गळतो," ती हळूच म्हणाली. "डोळे उघडे असतात, पण हाक मारली तर ऐकू जात नाही. मिनिटभराने परत जेवायला लागतात. बोलायला गेले तर माझ्यावरच डाफरतात. डॉक्टरांना तर ते काही सांगणारच नाहीत."

"लेखी द्याल?"

"नको हो. यांना कळलं तर मला घरात ठेवणार नाहीत. तुम्हीच काहीतरी करा."

टिंबरावांनी मान डोलावली आणि ती गेल्यावर टिंब दिलं. तिचं नाव न घेताही शेरा लिहिता आला असता. पण शेऱ्याखाली सही लागते, आणि सही केली की ती निस्तरावी लागते.

फाईल वर जायच्या आत कचेरीत यंत्रं आली. येऊ नयेत असं कोण म्हणेल? एका कागदापायी माणसं चार-चार महिने हातावर हात ठेवून घरी बसायची, हेलपाटे घालून चपला झिजवायची. आता फाईली स्कॅन होणार, तास आणि तारखा संगणक ताडून पाहणार, आणि सगळं जुळलं की परवाना आपोआप निघणार. साहेब तर नुसते हवेत होते.

स्कॅनिंगच्या बाईंनी नेमकी ती फाईल काचेवर ठेवली आणि विचारलं, "काका, इथे काही लिहिलंय की डाग आहे? डाग असेल तर पुसते, मशीन अडतं."

साहेब शेजारीच उभे. टिंबरावांच्या तोंडचं पाणी पळालं. खरं सांगावं तर एकतीस वर्षांचा नियमबाह्य कारभार उघडा पडणार, आणि निवृत्तीला उरलेले सात महिने.

"डागच आहे," ते म्हणाले.

बाईंनी खोडरबर फिरवला.

डॉक्टरांना तोंडी सांगू, असं त्यांनी मनाशी ठरवलं. वर गेले तर डॉक्टर पंधरा दिवस रजेवर. इकडे परवाना अकरा मिनिटांत निघाला आणि साहेबांनी तो आकडा कौतुकाने फळ्यावर लिहिला. त्यानंतरही सांगता आलं असतं. टिंबराव रोज सकाळी ठरवायचे आणि रोज संध्याकाळी डबा उचलून घरी जायचे. अशा माणसाचा फार राग येतो, कारण तो वाईटही नसतो.

पाचव्या आठवड्यात ते विमान भर दुपारी, निरभ्र हवेत, माळावर कोसळलं. वैमानिक जागीच गेला. चौकशी झाली. इंजिन ठीक, हवामान ठीक, कागदपत्रं ठीक. प्रकृतीविषयी कचेरीकडे कसलीही तक्रार नोंदलेली नव्हती.

ती बाई पुन्हा आली. रडली नाही, ओरडली नाही.

"चौकशीवाल्यांना मी यांच्या आजाराचं सगळं खरं सांगितलं," ती म्हणाली. "तेव्हापासून सासूबाई माझं तोंड बघत नाहीत. म्हणतात, तू गप्प बसलीस म्हणून माझा मुलगा गेला. कचेरीत सांगितलं होतं म्हटलं, तर नोंद कुठे आहे विचारतात. तुम्ही फक्त एकदा येऊन त्यांना सांगा, की मी बोलले होते."

या खेपेला टिंबराव गेले. म्हातारी थोरल्या मुलाकडे, दोन गल्ल्या सोडून राहत होती. सून दाराशीच थांबली. पुढे केलेल्या खुर्चीवर ते बसले नाहीत.

"आई, या आल्या होत्या माझ्याकडे. सगळं सांगितलं होतं यांनी," ते म्हणाले. "मीच लिहिलं नाही. नुसती एक खूण केली, आणि तीही डाग म्हणून पुसायला लावली."

म्हातारीने आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग कितीतरी दिवसांनी सुनेकडे.

"म्हणजे तुम्हालाही माहीत होतं," ती म्हणाली. "मग दोघांपैकी एकाने तरी मला सांगायचंत. मी दारात आडवी पडले असते."