‘नळ नाही’ हा पर्याय नव्हता

"ताई, जरा हा हंडा डोक्यावर घ्या ना," पाण्याचं ॲप चालवणारे सर म्हणाले.

ठाण्यातला एसी हॉल. चाळीसएक माणसं, प्रत्येकापुढे लॅपटॉप. हंडा पितळेचा, चकचकीत, सजावटीसाठी आणलेला. मी काही फोटो काढून घ्यायला गेले नव्हते. त्यांच्या ॲपमधल्या चुका कळवणारी स्वयंसेवक म्हणून मला बोलावणं होतं. तो मेसेज अजून माझ्या फोनमध्ये आहे. पण दारातल्या टेबलावर सगळ्यांच्या नावाची कार्डं होती, माझं नव्हतं. तिथल्या मुलीने यादी वरखाली केली आणि विचारलं, "तुम्ही लाभार्थी ना?"

मी हो म्हटलं नाही. नाही असंही म्हटलं नाही. मग हंडा आला. हंड्याखाली घ्यायला कापडाची चुंबळसुद्धा नव्हती. मी घेतला डोक्यावर. हसा म्हणाले, हसले. या गोष्टीवरून मला आजही सरांपेक्षा स्वतःचाच राग जास्त येतो.

माझा पाडा भातसानगरपासून पायी पाऊण तासावर. तिथल्या भातसा धरणाचं पाणी मुंबईला जातं. आमच्या बाया होळीनंतर ओहोळात खड्डा करून वाटीवाटीने पाणी भरतात. मी शहापूरला झेरॉक्सच्या दुकानात कामाला आहे. लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरणं, हा माझा धंदा. त्यात एक गोष्ट पहिल्याच आठवड्यात कळते. ज्या रकान्यापुढे लाल चांदणी असते तो रिकामा ठेवला की फॉर्म पुढे सरकत नाही. मग आम्ही काहीतरी टाकतो. ईमेल नसला तर दुकानाचा. घर नंबर नसला तर एक. फॉर्म गेला, माणूस खूश.

त्या ॲपची माहिती दुकानातच वाचली. कुठल्या गावाला पाणी कसं मिळतं हे त्यात भरायचं. ती माहिती बघून एक संस्था उन्हाळ्यात टँकर पाठवायची. ॲप ओपन सोर्स होतं, म्हणजे त्याचं आतलं सगळं काम उघडं. कुणीही बघावं, कुणीही सुधारून पाठवावं. पानावर लिहिलं होतं की कोड लिहिता येत नसला तरी चालेल. वापरून बघा, चुका कळवा, भाषांतर करा, आपल्या गावात लोकांना शिकवा. मला वाटलं, हे तर मला येतं. कुणीतरी मला म्हणतंय की तू चालशील.

दिवाळीनंतर रविवारी मी पाड्यातल्या घरोघर गेले. तिसराच प्रश्न होता, नळाला पाणी किती वाजता येतं? पुढे लाल चांदणी. सकाळ, दुपार, संध्याकाळ. नळ नाही असा पर्यायच नव्हता. माझा हात सवयीने चालला. बायांना म्हटलं, "पयला दाबा, म्हंजे पुढं जातं." तेवीस घरं. तेवीस वेळा सकाळ.

आठवड्याने नकाशा बघितला. आमचा पाडा निळा झाला होता. निळा म्हणजे नळाला पाणी आहे.

त्याच दुपारी त्यांच्या उघड्या पानावर चूक लिहून कळवली. ‘नळ नाही’ हा पर्याय हवा, आणि आमची उत्तरं चुकीची आहेत, माझ्यामुळे. चार दिवसांनी उत्तर आलं. "अपवादात्मक परिस्थिती. तक्रार सध्या बंद करत आहोत." तेवीस घरं अपवाद. मी पुन्हा लिहिलं, पुन्हा बंद. मग हॉलचं बोलावणं आलं. म्हटलं, तोंडाने सांगू. आसनगावहून ठाण्यापर्यंत मनातल्या मनात बोलणं पाठ करत गेले. फोटो झाला, जेवायला बसवलं, आणि मला बोलायला कुणी सांगितलंच नाही.

एप्रिलात टँकर पलीकडच्या पाड्यापर्यंत आला आणि तिथूनच मागे फिरला. ड्रायव्हर म्हणाला, तुमच्याकडं नळ हाय, यादीत हाय. शेजारची काकी मला एवढंच म्हणाली, "तूच दाबाया लावलंस ना गो." त्यानंतर ओहोळावर माझ्याशी कुणी बोलेना. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मी खड्ड्यापाशी बसायची, नंबर लागायचा, भरायचं, निघायचं.

त्याच दिवसांत ॲपच्या पहिल्या पानावर माझा फोटो लागला. खाली लिहिलेलं, आमची लाभार्थी. स्वयंसेवकांच्या यादीत माझं नाव नव्हतं. माझ्या आयला तो फोटो फोनवर दाखवला. तिने तो बराच वेळ बघितला.

"रिकामा हाय ना?" ती म्हणाली. "भरल्या हंड्याखाली मान अशी नसती."

तिथे मला जाग आली. ज्या माणसांनी आमच्या पाण्याचं ॲप बनवलं, त्यांना भरल्या हंड्याखालची मान ठाऊक नव्हती. मला ठाऊक होती, आणि तरी मी त्यांच्याकडून शिकायला गेले होते.

दुकानाच्या शेठकडून दुपारचा एक तास मागून घेतला. गिऱ्हाईक नसेल तेव्हा दुकानाच्या कॉम्प्युटरवर त्या ॲपचं आतलं काम उघडून बसायची. दुसऱ्यांनी काय बदललं ते बघायची, तसंच करून बघायची. शंभरदा मोडलं. विचारायला कुणी नव्हतं. दोन महिने लागले. मग दोन बदल पाठवले. एक, ‘नळ नाही’ हा पर्याय. दोन, पहिल्या पानावरचा माझा फोटो हटवणं.

दुसऱ्या दिवशी सरांचा फोन. "ताई, असं सगळ्यांसमोर टाकायचं नसतं. मला फोन करायचा."

"सर, सगळं उघडं हाय असं तुमीच लिवलंय."

"अहो, फोटो किती छान आलाय तुमचा."

"हंडा रिकामा व्हता, सर."

ते गोड आवाजात म्हणाले, बदल मागे घ्या, पर्यायाचं पुढच्या वर्षी बघू.

"नाय," मी म्हटलं.

संध्याकाळपर्यंत त्यांनी दोन्ही बदल नाकारून बंद केले. फोटो तिथेच.

पण त्यांच्याच नियमात लिहिलंय की या कामाची प्रत कुणीही घ्यावी आणि स्वतःची वेगळी चालवावी. मी घेतली. माझ्या प्रतीत स्वयंसेवक एकच आहे. कुणी मदतीला आलेलं नाही, काकी अजून नीट बोलत नाही, आणि टँकर पाठवणारी ती संस्था माझी यादी बघेल की नाही हेही मला माहीत नाही. उद्या रविवार. मी सगळ्यात आधी काकीच्याच दारात जाणार, मग उरलेल्या बावीस घरांत. माझ्या हाताने भरलेलं खोटं माझ्याच हाताने खोडणार. दुकानातही ठरवलंय. लाल चांदणी अडवेल तिथे अडू दे, गिऱ्हाईक परत गेलं तरी जाऊ दे, खोटं टाकून फॉर्म पुढे ढकलणार नाही.

माझ्या प्रतीत पहिला प्रश्न आहे, घरात नळ आहे का? त्याखाली पहिला पर्याय, नाही.