मिठाच्या पडावात माझी पोर

टोपली जागेवर नव्हती! बांधाच्या कडेला, झुडपाच्या सावलीत मीच ठेवलेली. आत पोर निजलेली, वर ऊन लागू नये म्हणून लुगड्याचा ओला तुकडा. मिठागरावरच्या सगळ्याच बाया पोरं अशीच निजवतात. आणि आता तिथे चिखलात नुसता गोल ठसा.

थोरली जाऊ कमरेवर हात ठेवून धापा टाकत उभी होती. तिला कसंबसं विचारलं, "जाऊबाय, इथली टोपली कुणी नेली?"

"मीच नेली की. शेवटची होती ती. ठेवली पडावात."

"अवो, तिच्यात पोर होती!"

तिनं आ वासला. "तरीच हलकी लागली! मला वाटला, भरणाऱ्याला माझी दया आली. म्हणून तर गप बसले मी!"

नेहमी आम्ही फळीवरून चढून मीठ पडावात, म्हणजे मिठाच्या होडीत, ओततो आणि रिकामी टोपली घेऊन उतरतो. पण त्या दिवशी भरतीचं पाणी ओसरायला लागलेलं, पडावाचा तांडेल नुसता शिव्या घालत होता, म्हणून शेवटच्या टोपल्या न ओतता तशाच आत ठेवल्या. ओतली असती तर? हे माझ्या डोक्यात आत्ता येतंय. तेव्हा मी लुगडं गुडघ्यावर खोचून बांधावरून पळत सुटलेले, कारण पडाव काठापासून सुटला होता.

आणि त्याच पडावात पोरीचा बाप बसलेला.

तो एडनला निघाला होता. तिकडे नवी मिठागरं निघालीत, आपल्याकडची माणसं हवीत, असं माणसं गोळा करणारा मुकादम सांगून गेलेला. पडावातून मुंबई, तिथून आगबोट. आदल्या दिवशी मला म्हणाला, "पुढच्या साली तुला पण नेतो. पोर राहील वहिनीकडे, तिला काय कमी हाय?"

माझे आईबाप असेच गेलेले, समुद्रापलीकडे, उसाच्या मळ्यावर. मला कल्याणला मावशीकडे ठेवलं. मावशी वाईट नव्हती हो. पण तिची पोरं पाळण्यात, आणि मी पाळण्याच्या दोरीशी. शाळेत जोडाक्षरांपर्यंत पोचले आणि दोरीनं मला परत ओढलं. मग मावशीकडून काकाकडे, काकाकडून लग्नाच्या बोहल्यावर. आई येईल म्हणून कितीतरी दिवस मी खाडीवर जाऊन बसायची. आता आईचं तोंडही आठवत नाही.

तर मी पळतेय, मागे जाऊ, तिच्यामागे सगळ्या बाया, आणि सगळ्या एकदम ओरडतायत, "पोर! मिठात पोर!" पडावावर कुणाला काही कळेना. तेवढ्यात टोपल्यांतून असं भोकाड निघालं की खलाशी उडालाच. पोरीच्या बापानं लुगड्याचा तुकडा उचलला आणि तसाच बसला, तुकडा हातात धरून.

तांडेल गरजला, "अरे, मी मीठ नेतो, पोरा नाय नेत! उतर हिला घेऊन!"

बापानं पोरीला खांद्यावर बसवलं आणि घेतली की उडी! कमरेपर्यंत चिखल. एक पाय काढला की दुसरा रुतायचा. वर पोर त्याचे केस धरून बसलेली, रडं विसरून त्याचा खारट कान चाटतेय. जाऊ तर हसून हसून बांधावर बसलीच, आणि मीही हसायला लागले, डोळ्यांतून पाणी, हसू थांबेचना.

पडावावरून तांडेल ओरडला, "पलीकडच्या बांधावरून दुसरा पडाव सुटतोय, याच पाण्यावर! पळ, गाठशील! तुझा गाठोडा बंदरात ठेवतो!"

नवरा माझ्यासमोर आला. चिखलानं माखलेला. पोरीला माझ्यापुढे धरलं. "घे लवकर."

माझे हात मागे गेले. मी नेले नाहीत, गेले.

"अगं, घे म्हणतो ना! पडाव जाईल!"

"घे गं," जाऊ म्हणाली, "लाजतेस काय त्याला?"

मी हसतच होते, इतकी भ्यालेले. नाही म्हणून मान हलवली. पोर त्याच्या हातात लोंबकळत पाय झाडत होती. तो एकदा खाडीकडे बघे, एकदा माझ्याकडे. दुसरा पडाव वळणावरून गेला. मग त्यानं पोरीला परत खांद्यावर घेतलं.

गाठोडं मुंबईला गेलं ते गेलंच. त्याचं नेसायचं दुसरं धोतरही त्यातच होतं. चार दिवस माझ्याशी बोलला नाही, पोरीशी मात्र बोलायचा. आता मुकादम परत गावात आलाय म्हणतात, आणि मी पोरीला टोपलीत निजवायचं सोडलंय, बापाच्याच मांडीवर देते. जाऊ म्हणते, नवऱ्याची वाट अडवलीस तू. असेल. पण बायांनो, तुमच्यापुढे असं पोर धरलं असतं, आणि मागे पडाव निघालेला, तर तुम्ही घेतलं असतं?