कुडीसकट कान मावेल असे हेडफोन

ही गोष्ट मी इतकी वर्षं टाळली. गोष्ट साध्या हेडफोनची, त्यामुळे टाळणं सोपंही गेलं. कुणी विचारणारच नव्हतं.

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी घरीच असे आणि सारखा बायकोला हाका मारत असे. चष्मा, चहा, पंचांग. तिला दुपारचा एक तास स्वतःचा हवा होता. त्या तासात ती टॅबवर गाणी ऐके आणि इंदूरच्या धाकट्या बहिणीशी गप्पा मारत कॅरम खेळे. कानात खुपसायची बोंडं टिकत नसत, म्हणून तिने मोठे हेडफोन मागितले.

अटी तिच्याच. फार महाग नकोत. वायरचे हवेत, कारण मुलाच्या बिनवायरच्या हेडफोनमध्ये सोंगटी आधी पडे आणि आवाज मागून येई. आणि कुडीसकट कान आत मावला पाहिजे. मोत्याच्या त्या कुड्या तिने लग्नापासून काढल्या नव्हत्या.

चौकातल्या दुकानात एकाच किमतीचे दोन निघाले. मोठ्या वाट्यांचे तिने घातले आणि डोळे मिटले. मी मागून हाक मारली, "अगं." पुन्हा मारली. ती मान डोलवत राहिली.

"देखा बाबूजी, बाहर की दुनिया बंद," दुकानदार हसला.

मला हसू आलं नाही. घरी हिला माझी हाक ऐकू गेली नाही तर, एवढंच मनात आलं.

ती पंख्याखाली स्टुलावर जाऊन बसली. त्याच मोठ्या हेडफोनचा माइक तपासायला दुकानदाराने माझा आवाज टॅबवर भरला आणि मला हेडफोनमधून ऐकवला. तो मला एकट्यालाच ऐकू येत होता. स्वच्छ होता. मी हेडफोन काढले आणि तिला मराठीत म्हटलं, दुकानदाराला कळू नये म्हणून, "खरखर येतेय. बहिणीला काही कळायचं नाही."

"मग दुसरे घ्या. तुम्ही ऐकलंत ना."

दुसऱ्यांच्या वाट्या लहान, कानावरच दाबून बसणाऱ्या. त्यांतून माझी हाक बरोबर पोचे. ती डाव अर्धा टाकून उठे. "चाळीस वर्षं ऐकतेय, आता यातूनही ऐकते," एवढंच म्हणे. कुड्या रुतून कानाच्या पाळ्या सुजल्या, तेव्हा तिने त्या काढून डबीत ठेवल्या. श्रावणात मंगला गौरीच्या देवळात ओळखीच्या एकीने विचारलं, "काकू, कान मोकळे?"

"जड होतात आता," ती म्हणाली. माझं नाव घेतलं नाही. घेणार तरी कसं, तिला ठाऊकच नव्हतं.

दिवाळीच्या आवराआवरीत हेडफोन कपाटात गेले, कॅरमही थांबला. "कंटाळा आला," म्हणाली. मी विश्वास ठेवला. ते सोयीचं होतं.

पुढे ती अंथरुणाला खिळली. शेवटपर्यंत घरीच होती, शुद्धीत होती. रोज सकाळी मी वाक्य ठरवून तिच्या उशाशी बसे. कानाशी वाकलो की पाळीचं रिकामं भोक दिसे, आणि मी विचारी, "चहा घेतेस?"

एकदा ती म्हणाली, "मला नको. तुम्हाला हवा असेल तर आता सुनेला हाक मारा."

मी उठलो आणि सुनेला हाक मारली.

ठरवलेलं वाक्य फार मोठं नव्हतं. त्या हेडफोनमध्ये खरखर नव्हती, मी खोटं बोललो, मला माफ कर.